बांगडीचा ओरखडा

"आजी, नीट बघून सांगा. ही रेघ ताऱ्याची की ओरखडा?"

वेधशाळेतल्या तरुण संशोधिकेने जुनी काच माझ्या हातात दिली. पाकिटावर माझंच वळणदार अक्षर होतं: 'खराब. बांगडी घासली.'

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी काचेवर उमटलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेघा मोजणं हे माझं काम होतं. या काचेवरच्या ताऱ्यात लिथियमची रेघ असायला नको होती. दिसली, तेव्हा मी सगळा दोष बांगडीवर टाकला आणि काच खराब केली म्हणून साहेबांची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून बांगड्या काढून उघड्या हातांनी कामावर जाऊ लागले. सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला.

"तो तारा एक ग्रह गिळून बसलाय," ती म्हणाली. "लिथियम त्या ग्रहाचं. तेव्हाही ते होतं, एवढं ठरलं तर माझा शोधनिबंध टिकेल."

निवृत्तीच्या समारंभात मी अख्ख्या नोकरीत एकच काच खराब केल्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या.

मी भिंग लावलं. ओरखडा प्रकाशाच्या पट्टीबाहेरही जातो. ही रेघ आतच थांबली होती. हे तेव्हाही दिसलं असतं, बघितलं असतं तर.

"ताऱ्याचीच आहे," मी म्हणाले. "लिही. ग्रह गिळला ताऱ्याने, आणि साहेबांची माफी मागून आले मी."