पालकाखालच्या बाटल्या

वाइन क्लबसाठी या महिन्याच्या बाटल्या निवडायची पाळी आम्रपालीची होती. दोन स्वस्तातल्या आणि एक मधल्या किमतीची, अशा तीन आणून तिने फ्रिजमध्ये पालकाच्या जुड्यांखाली दडवल्या. कारण रोज सकाळी दारू वर्ज्य सांगणारं पंचशील म्हणणारे बाबा चार दिवस राहायला आले होते.

दुपारी ती घरी परतली, तर फ्रिज सताड उघडा आणि पालक फरशीवर. बाटल्या मात्र जिथल्या तिथे. बाबांचा राग तिने लहानपणी चांगलाच पाहिला होता.

बाबा सापडले गच्चीच्या जिन्यात. भर उन्हात, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसलेले.

"बाबा, क्लबच्या हायेत त्या. रागावू नका जी."

"रागावलो नाही, माय. बाटल्या घरात हायेत तोवर मी इथंच बसतो. पंधरा वर्षं झाली सोडून, तरी मले माझंच भेव वाटून राह्यलं."

आम्रपालीला एकदम आई आठवली. बाबा पिऊन घरी आले, की ते झोपेपर्यंत आई तिला पोटाशी धरून अशीच जिन्यात बसायची.