मधलं नाव

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेरच्या टेबलावर शेजारच्या सावंतकाकांनी सवयीने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, तिच्या वडिलांची, अण्णांची, आणि तिची. मग जीभ चावली. अण्णा जाऊन पाच महिने झाले होते.

"यादीतून नाव कमी करायचा अर्ज दिला नाहीस गं?"

"भरलाय काका. पर्समध्येच आहे."

दोन्ही चिठ्ठ्या घेऊन ती रांगेला लागली. दर मतदानाला अण्णा तिच्यासोबत असत. बाहेर आल्यावर तिचं शाईचं बोट बघत आणि मगच जिलबी घेऊन देत.

आत अधिकाऱ्यापुढे तिने अण्णांची चिठ्ठी ठेवली. त्याने रीतीप्रमाणे मोठ्याने पुकारलं, "चारशे बारा, पुरुषोत्तम महादेव केळसकर!"

इतक्या दिवसांत 'कैलासवासी' न जोडता ते नाव कुणी घेतलं नव्हतं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"ताई, ही तुमची नाही."

"चुकून आली," ती खोटंच म्हणाली आणि मुठीतली दुसरी चिठ्ठी पुढे केली.

"चारशे तेरा, मुक्ता पुरुषोत्तम केळसकर!"

मधलं नावही तेवढंच खणखणीत उमटलं. तिने शाईसाठी बोट पुढे केलं.

बाहेर येऊन तिने अर्ज काकांच्या हातात दिला.

"तुम्हीच देऊन टाका. आणि बोट दाखवा बघू, जिलबी आणते."