शनिवारचं सारवण

पंचाहत्तर सालची गोष्ट. कुंडलपलीकडच्या एका हायस्कुलात दर शनिवारी मुली शेणानं वर्ग सारवायच्या आणि तेवढ्या वेळात गणिताचे सर मुलांचा जादा तास घ्यायचे. सहामाहीत मराठी, इतिहास, शास्त्र, इंग्रजी, सगळीकडं मुली वरचढ ठरल्या. एकट्या गणितात मुलं पुढं गेली. मुलींतल्या अंजनाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून वरच्या कचेरीला धाडायचा अहवाल हेडमास्तरांनी तिलाच सांगितला, "लिही. मुलींना गणितात उपजतच गती नसते."

अंजनानं सांगितलं तसं लिहिलं, पण शनिवारी शेणानं भरल्या हातानं ती त्यांच्यापुढं उभी राहिली.

"सर, हारंल त्यानं सारवायचं, असं करू या की! आमी एका विषयात हारलो, पोरं चार विषयांत. हिशेब तेवढा तुमी करा, आमाला कुठं गणित येतंय?"

सगळी शाळा खो खो हसली. हेडमास्तरांना नाही म्हणता येईना. पुढच्या शनिवारी शेणाची पाटी मुलांकडं गेली आणि जादा तासाला मुली बसल्या. त्यातला सयाजी तर दारापासून सारवत सारवत मागच्या भिंतीला टेकला आणि जमीन वाळेपर्यंत कोपऱ्यातच उभा राहिला!

वार्षिक परीक्षेत गणितातही मुलीच पुढं गेल्या. हेडमास्तरांनी अंजनाला पुन्हा अहवाल लिहायला बसवलं. हसू दाबत तिनं टाक उचलला.

"लिही. मुलांचा अभ्यासाचा वेळ सारवण्यात जातो. सबब, शाळेस फरशी तातडीने मंजूर व्हावी."