नाव दोनदा आलं तर

"अनुपमा! ए अनुपमा! आयकू येत नाही का व?"

स्वयंपाकघरातून पुन्हा हाक आली, तेव्हा कुठे पुष्पांजलीच्या ध्यानात आलं की अनुपमा म्हणजे आपणच. लग्नात नवऱ्याने, गोपालने, ताटातल्या तांदळावर अंगठीने हे नाव लिहिलं होतं. निवड सासूबाईंची, सत्यभामाबाईंची. हिवरा आश्रम गावातल्या या घरात आता तेच चालत होतं, पण तिचे कान अजून माहेरीच होते.

"आई, माहा इंटरव्ह्यू चालू हाये!"

उत्तरादाखल पातेलं आपटलं. पुष्पांजलीने डोळे मिटले. लॅपटॉपच्या पडद्यावर मुलाखत घेणारा पुण्याचा प्रसेनजित वाट बघत होता. रेंजसाठी खिडकीच्या गजाला टेकवलेला मोबाइल घसरायला टपला होता. नोकरीचं काम घरूनच करायचं होतं. हे हुकलं की कॉम्प्युटरची पदवी कपाटात आणि आपण चुलीपाशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मुलाखतीत दिलेलं काम तसं साधं. प्रोग्राम सुरू करताना कमांडच्या पुढे जे शब्द टाइप करतात, त्यांच्या जोड्या लावायच्या. बरोबरच्या चिन्हाआधी 'की', म्हणजे खुणेचा शब्द, नंतर तिची व्हॅल्यू. गाव=मेहकर, पीक=सोयाबीन. सगळं एका मॅपमध्ये, म्हणजे जोड्यांच्या तक्त्यात, ठेवायचं. तिने लिहिलं, चालवलं, चाललं.

"छान," प्रसेनजित म्हणाला. "आता एकच की दोनदा देऊन बघा."

ती घाईत होती. बोटांना सुचलं ते तिने टाइप केलं: नाव=पुष्पांजली नाव=अनुपमा. एंटर दाबलं.

पडद्यावर उमटलं, नाव: अनुपमा.

"पहिली व्हॅल्यू कुठे गेली?"

"पुसली गेली, सर. त्याच कीला नवी आली की जुनी जाते."

"प्रोग्रामने कुणाला सांगितलं?"

"नाही."

"मग हे चालेल?"

पुसलेलं ते आपलं माहेरचं नाव, हे तिच्या मनात आलं. ऐन मुलाखतीत हे काय भलतंच, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. स्वयंपाकघरातली आदळआपट थांबली होती. दारातला पडदा हलला. आता आई येऊन सरांसमोर झापणार, या धास्तीने ती आणखी भराभर टाइप करू लागली. एकदा चुकली, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"नाही चालणार, सर. मी दोन्ही ठेवते. एका कीपाशी यादी ठेवायची, येईल ती व्हॅल्यू तिच्यात जोडायची."

"का? नवी ठेवून भागलं असतं की."

"दोन्ही कुणीतरी दिलेल्या आहेत. नवी आली म्हणून पहिली खोटी होत नाही."

तिने प्रोग्राम चालवला. दोन्ही नावं शेजारी शेजारी उमटली. प्रसेनजित हसला.

"माझ्याकडून होकार. बाकीचं ऑफिस कळवेल."

कॉल संपला. तिला उड्या माराव्याशा वाटल्या, पण मागे वळली तर सत्यभामाबाई दारातच उभ्या. हाताला कणीक तशीच. किती वेळच्या ऐकत होत्या कोण जाणे. पुष्पांजली उठून उभी राहिली.

"आई, तुम्ही ठेवलेलं नाव मले नको असं नाही. पण..."

"ते राहू दे," सत्यभामाबाई जवळ आल्या. पडद्यावरच्या दोन नावांकडे वाकून बघू लागल्या. "याच्यात दोन्ही राह्यतेत म्हनतं?"

"हो."

"मंग माहं टाक. सत्यभामा लिही. आन् त्याच्या आंधी कोकिळा."

पुष्पांजलीने टाइप केलं आणि मान वर केली. "कोकिळा कोण, आई?"

सासूबाईंनी कणकेचा हात पदराला पुसला. डोळे पडद्यावरून हलेनात.

"मीच व. लगनाच्या आंधीची."