दिगूच्या वाटणीचं

"तिखट नाही, मसाला नाही. चिकनची खीर केलीय नुसती!" सासरे जेवायला बसता बसता कुरकुरले.

"दिगूला असंच आवडतं," सासूबाई म्हणाल्या.

दिगू म्हणजे माझा नवरा. हे मलईचं चिकन तो जहाजावर शिकला होता. गेल्या वर्षी वादळात ते जहाज बुडालं. तो सापडलाच नाही. तरी दर रविवारी मी तेच करते, मलई फाटू नये म्हणून गॅस बारीक ठेवते आणि सासूबाई त्याच्या वाटणीची तंगडी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात. सोमवारी ती मी गुपचूप खाते. रिकामा डबा बघून कुणी काही विचारत नाही.

आज सासूबाईंनी भरलेला डबा माझ्याच हातात दिला.

"फ्रिजमध्ये नको. उद्या सर्वपित्री. सकाळी गच्चीवर कावळ्याला ठेव," त्या म्हणाल्या. "दिगू गेला गं."