डावा वाफा

नववा दिवस उलटला तरी डावा वाफा बोडकाच होता.

उजव्या वाफ्यात टमाट्याचे कोंब दाटीनं वर आले होते. त्यांचं बी अमेरिकेत एका कपाटात सहा वर्षं पडून होतं. डाव्या वाफ्यातलं बी तितकीच वर्षं उपग्रहात बसून पृथ्वीला घिरट्या घालत होतं. वर्षभरात खाली आणायचं होतं, पण ते राहून गेलं. मुंबईच्या एका विज्ञान मंडळानं दोन्ही पुड्या पाम गावच्या शाळेला पाठवल्या होत्या. पेरा, बघा, कळवा.

शांताराम गुरुजींनी अख्खं गाव गोळा करून पेरणी केली होती. आता तोंड लपवायची पाळी आली.

"नाय उगवलं तर काय होल?" नवसीनं विचारलं. ती शाळेत पाणी भरायची आणि बाग राखायची.

"काही नाही. उगवलं नाही, असं लिहायचं."

बोलले खरे, पण जेवणाचा डबा त्यांनी तसाच परत नेला. दुसऱ्या दिवशीही. नवसीनं ते पाहिलं.

"आमी भातात मोकळी जागा ठेवत नाय," ती वाफ्याकडे बघत म्हणाली. "बरी नाय दिसत."

गुरुजी समुद्रकाठच्या एडवणचे. नारळ-चिकू त्यांना कळत, भाजी मात्र बाजारातली. ते नुसतं हसले आणि चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पालघरला निघून गेले.

परतले तर डाव्या वाफ्यात रोपं! बोटबोटभर उंच, ओळीत उभी. पंचेचाळिशीचा माणूस पोरांदेखत नाचला.

"उगवलं," नवसी म्हणाली. "आता जेवा."

फळं धरली. उजव्या वाफ्यातली मोठी, गुळगुळीत. डाव्यातली बारकी, चुण्यांची, आंबटढाण. अंतराळाची करणी, दुसरं काय! गुरुजींनी वजनं केली, चित्रं काढली, अकरा पानांचा अहवाल लिहिला आणि खाली तारीख घातली, १८ फेब्रुवारी १९९१.

त्याच सुमारास नवसीच्या सुनेला, चिमीला, दिवस गेले होते. तिचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं, म्हणून नवसी तिला फुलासारखी जपत होती. चिमीला डोहाळे आंबटाचे. आठवडाभर गुरुजी रोज आपल्या हातानं डाव्या वाफ्यातली दोन-तीन फळं तिच्या ओंजळीत घालत. तिला खाताना बघून त्यांनाच बरं वाटे.

मग मुंबईहून पत्र आलं. अहवाल फार महत्त्वाचा आहे. फळांत इतका फरक दिसतो, त्या अर्थी बियांवर अंतराळातल्या किरणांचा परिणाम झालेला असावा. तपासणी होईपर्यंत ही फळं कुणी खाऊ नयेत, गर्भवती बायकांनी तर मुळीच नाही.

गुरुजींनी पत्र तीनदा वाचलं. मग उठले आणि डाव्या वाफ्यातली झाडं मुळासकट उपटून खड्ड्यात पुरली.

"कीड लागली होती," ते नवसीला म्हणाले.

"कीड?" नवसीनं खड्ड्याकडे पाहिलं आणि घागर उचलून निघून गेली.

सांगावं तर चिमी भीतीनंच खचेल. न सांगावं तर घास उतरत नाही. गुरुजी दर महिन्याला तिला रिक्षानं बोईसरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊ लागले. घरून दूध आणत, खजूर आणत.

"बापानंपण एवडं केलं नसतं," नवसी म्हणे, आणि गुरुजींना ते काट्यासारखं टोचे.

अहवाल मंडळाच्या मासिकात छापून आला. शाळेला बक्षीस म्हणून दुर्बीण मिळाली. गुरुजींनी तिचं खोकंही उघडलं नाही.

गणपती झाले आणि चिमी बाळंत झाली. मुलगी. गुरुजी धावतच नवसीच्या पाड्यावर गेले. हातापायांची बोटं मोजली. वीस. पोरगी धडधाकट होती. तिनं त्यांच्या तोंडावर मोठी जांभई दिली, आणि गुरुजींना रडू कोसळलं.

नवसीला ओटीवर बोलावून त्यांनी सगळं सांगून टाकलं. पत्र, किरणं, किडीची थाप, सगळं.

"माझ्याच हातानं खायला घातलं, आणि वर गप्प बसलो. आज पोर ठीक आहे. पण पुढे काय होईल, कोण सांगणार? जन्मभर तिच्याकडे बघताना मला तेच आठवणार, नवसी. तू मला काय हवं ते बोल."

आत पोर कुरकुरलं आणि पुन्हा झोपलं.

"तुमी नाय ना रागावणार, गुरुजी?"

"मी? मी कशाला रागावू?"

"ती आमची गावठी टमाटी होती. तुमी पालघरला गेले तवा घरची रोपं आणून मीच लावली त्या वाफ्यात. तुमचं बियाणं एकपण नवतं उगवलं," नवसी खाली मान घालून म्हणाली. "दोन दिस डबा तसाच घरी नेलात ना तुमी, म्हणून."