तीट

दोघी जुळ्या रडत होत्या, पण दाईयंत्राने आजही रेवालाच आधी उचललं. उर्वीचा रडून रडून घसा बसला. मंजिरीने कंपनीच्या माणसाला घरी बोलावून चांगलंच फैलावर घेतलं.

"तुमचं यंत्रसुद्धा रूप बघतं? एक पोर गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस, म्हणून दुसरीने रडत राहायचं?"

तो ओशाळला. "मॅडम, रूपाचं आम्ही यात काहीच घातलेलं नाही. पहिला महिनाभर यंत्र नुसतं आईकडे बघतं आणि ती करते तसं करायला शिकतं."

"म्हणजे मी भेदभाव करते? अहो, एकाच वाटीतलं भरवते मी दोघींना!"

एवढं होईस्तोवर यंत्राने दोघींची अंघोळ उरकली होती. दोघींना सारखीच झबली घातली, सारखीच पावडर लावली. मग काजळाच्या डबीत बोट बुडवून त्याने रेवाच्या गालावर तीट लावली आणि डबी बंद केली.

"दुसरीची राहिली," तो माणूस म्हणाला.

"तिला कशाला? तिला कुणाची दृष्ट लागणार आहे!" मंजिरी सहज बोलून गेली.